काऊन आणि कायले

एका ‘फॉर’पायी एक बाई तुरुंगाच्या दारापर्यंत जाऊन आली, असं मी बाहेरच्या शिक्षकांना सांगते तेव्हा ते आधी हसतात. हसू देत. त्यांनी त्या दिवशी तिथे उभं राहून बघायला हवं होतं. माझ्या तोंडातली भाषाच गेली होती. आणि भाषा तर माझ्या पोटापाण्याचा धंदा.

मी इंग्रजी शिकवते. गडचिरोलीत धानोऱ्याच्या पुढे, जंगलात शिरलेल्या एका गावात बारावीपर्यंतची शाळा आहे, तिथे. मूळची मी मूलची. हे वाक्य उच्चारलं की समोरचा हमखास विचारतो, ‘हो, पण मूळची कुठली?’ मूल हे गावाचं नाव आहे हे त्याला माहीत नसतं, मग मला राग येतो. राग माझ्या नाकावरच बसलेला असतो असं आधी आई म्हणायची, आता विद्यार्थी म्हणतात. वडील धानाच्या गिरणीवर कामाला होते. घरात आम्ही सगळे मले-तुले बोलायचो. पुण्याला शिकायला गेले तेव्हा एका प्राध्यापक बाईंनी मला सगळ्या वर्गासमोर उभं करून ‘मले नाही, मला’ असं पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. तेव्हापासून वर्गात मला-तुला आणि घरात मले-तुले, अशी माझी दोन तोंडं आहेत.

या गावात मी एका गोंड बाईच्या घरी खोली घेऊन राहते. मी तिला मावशी म्हणते, ती मला मॅडम. तिचा नवरा दरवर्षी मिरची तोडायला तेलंगणात जातो आणि उन्हाळा लागल्यावर परततो. घरी ती आणि तिची मुलगी. मुलगी तेव्हा अकरावीत, माझ्याच वर्गात. मावशी घरात गोंडी बोलते, माझ्याशी झाडी, म्हणजे आमची मले-तुलेची बोली, बोलते आणि सरकारी माणसाशी काहीच बोलत नाही. गणवेश दिसला की तिचं तोंड शिवल्यासारखं बंद होतं. मुलगी नेमकी उलट. तिला इंग्रजी बोलायची भारी हौस. चूक की बरोबर याची फिकीर नाही. फाटक्या पोत्यातून धान सांडावं तशी तिची इंग्रजी सांडायची.

त्या वर्षी आम्ही हेतू सांगणारी वाक्यं शिकत होतो. आपण अमुक काम कशासाठी करतो, हे इंग्रजीत कसं सांगायचं. पुस्तकात चार-पाच रीती दिल्या होत्या आणि माझ्या पोरांनी त्यातली एकच उचलली होती: फॉर. ‘साठी’ म्हणजे ‘फॉर’, संपला विषय. ‘आय गो टू मार्केट फॉर बाय सॉल्ट.’ ‘माय फादर गो तेलंगणा फॉर चिली.’ अरे, मिरची खायला गेला, विकायला गेला का तोडायला गेला? मी लाल पेनाने खोडून खोडून वैतागले. ‘फॉर’चं असं पीक आलं होतं की निंदून संपेना.

एके दिवशी वर्गात माझा पारा चढला आणि पुण्यातलं तोंड बंद पडून मूलचं उघडलं. मी ओरडले, “आपण मोह वेचाले जातो, याले इंग्रजीत काय म्हणान?” आणि माझंच वाक्य माझ्या कानावर आलं. वेचाले. याले. दोन्हीकडे ‘ले’. मले म्हणजे टू मी. वेचाले म्हणजे टू पिक. इंग्रजीतला ‘टू’ जी दोन कामं करतो, तीच दोन कामं आमचा ‘ले’ करतो. ज्या ‘ले’साठी मला वर्गासमोर उभं केलं होतं, तोच इथे कामाला येत होता. मला इतका आनंद झाला की रागवायचं राहूनच गेलं.

मग मी फळ्यावर एक नियम लिहिला. कोणत्याही पुस्तकात तो सापडणार नाही, कारण तो फक्त आमच्या भाषेतच चालतो. आमच्याकडे ‘का’ विचारायचे दोन शब्द आहेत: काऊन आणि कायले. काऊन गेली? आग लागली म्हणून गेली. ते कारण झालं. कायले गेली? विझवाले गेली. तो हेतू झाला. ‘कायले’च्या शेपटीला ‘ले’ आहे, तर उत्तराच्या शेपटीलाही ‘ले’ येतो, आणि जिथे ‘ले’ येतो तिथे इंग्रजीत टू. पोरं खूश झाली. मावशीच्या मुलीने मात्र हात वर केला.

“पण मॅडम, इंग्रजीत पुसणारा तर एकच शब्द म्हणते. व्हाय. त्याले काऊन पाह्यजे का कायले पाह्यजे, हे आपल्याले कसं समजन?”

प्रश्न खरा होता. मी म्हटलं, “नाही समजलं तर दोन्ही सांग. पण क्रियापद गिळू नको. नुसतं ‘फॉर’ म्हणून थांबलीस तर ऐकणारा त्याच्या मनातलं क्रियापद तिथे बसवतो.”

हे मी सहज बोलून गेले होते.

मोहाचे दिवस आले. पहाटे मोहाची फुलं झाडाखाली गळतात आणि बाया उजाडायच्या आत टोपल्या घेऊन जातात. आता झाडाखाली पालापाचोळा असतो, त्यात फुलं दिसत नाहीत. म्हणून पूर्वीपासून लोक झाडाखालचा पाला जाळत आले. फुलं स्वच्छ दिसतात, वेचायला सोपं जातं. पण एखादी ठिणगी उडाली की डोंगर पेटतो. वनखातं या गोष्टीवर फार चिडलेलं असतं, आणि ते बरोबरच आहे. त्या वर्षी गावाने सभा घेऊन ठरवलं होतं की कुणी पाला जाळायचा नाही. मावशीने जुनी लुगडी एकाला एक शिवली आणि आपल्या झाडांखाली अंथरली. फुलं थेट लुगड्यावर. शेजारच्या बाया तिला हसल्या, “मोहाले अंथरून टाकते का वो, झोपाले?” ती म्हणाली, “तो झोपते, मी उचलतो.”

त्या सकाळी शाळेला सुट्टी होती. मावशी अंधारातच गेली होती. मुलगी अंगणात पुस्तक घेऊन बसली होती आणि मी चहा करत होते. डोंगरावर धूर दिसला. मोहाच्या दिवसांत धूर दिसणं नवीन नाही, पण हा धूर मावशीच्या झाडांच्या बाजूला होता. मुलगी उठून उभी राहिली, बसली, पुन्हा उठली. धूर हळूहळू पातळ झाला तेव्हा आम्ही दोघींनी श्वास सोडला. तेवढ्यात शेजारची बाई पळत आली. तिच्या टोपलीतली फुलं वाटेवर सांडत होती, तिला भान नव्हतं.

“अवो मॅडम, हिच्या मायले गार्डानं नाक्यावर नेलं! आग हिनंच लावली म्हनते!”

आम्ही निघालो तेव्हा चहा चुलीवर तसाच होता. मुलगी वाटभर एक शब्द बोलली नाही. मी मात्र बडबडत होते. घाबरले की मी बडबडते. मावशी असं करणारच नाही, लुगडी कुणी उगाच शिवतं का, मी साहेबाला सगळं समजावून सांगते, तू काळजी करू नको. खरं सांगायचं तर मलाही भीती वाटत होती. जंगल जाळल्याचा गुन्हा अंगावर आला की बाईला गडचिरोलीला नेणार, तारखा लागणार, आणि नवरा तिकडे मिरचीच्या शेतात. पोरीची परीक्षा तोंडावर. ज्या घरात सरकारी माणसापुढे तोंड उघडायची सवय नाही, त्या घरावर असा गुन्हा आला तर ते घर त्यातून उठत नाही.

वनखात्याचा नाका म्हणजे रस्त्यावर एक आडवा बांबू, पत्र्याची एक खोली आणि तिच्यापुढे पत्र्याचीच सावली. मावशी भुईवर बसली होती. टोपली बाजूला उपडी. नेसलेल्या लुगड्याचा काठ एका बाजूने जळलेला. दोन्ही हात तिने पदराखाली घेतले होते आणि नजर जमिनीवर. टेबलावर एक माचिस ठेवली होती. बाकी काहीच नाही, नुसती एक माचिस. पण ती त्या टेबलावर इतकी मोठी दिसत होती की बघवेना.

गार्ड टेबलाशी उभा होता. आमच्याच बाजूचा, मूल तालुक्यातला पोरगा. नवीन लागलेला, कामात कडक, गालात कायम तंबाखू-सुपारीचा खर्रा. साहेबापुढे त्याने तो खर्रा गालाच्या कोपऱ्यात लपवला होता, त्यामुळे तो एका बाजूने सुजल्यासारखा दिसत होता. आणि खुर्चीवर बसले होते मोठे साहेब. दक्षिणेकडचे, तरुण, नुकतेच बदलून आलेले. मराठी येत नव्हती, हिंदी मोडकीतोडकी. ते दुसऱ्याच कामाने या रस्त्याने चालले होते. धूर बघून त्यांनी जीप वळवली होती.

गार्डाने सांगून टाकलं होतं: आगीच्या जागेवर ही एकटीच सापडली, कमरेला माचिस होती, आणि या लोकांची पाला जाळायची जुनीच सवय आहे. तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. खऱ्या गोष्टींचं हेच वाईट असतं, त्यांना खोटं म्हणता येत नाही.

मी पुढे झाले. इंग्रजीत म्हटलं, सर, मी इथली शिक्षिका, मी तुम्हाला नीट सांगते. साहेबांनी मला एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, ही बाई तुमची कोण? मी म्हटलं, मी हिच्या घरात राहते, हिची मुलगी माझी विद्यार्थिनी.

“मग प्लीज, मॅडम, तुम्ही नको,” ते इंग्रजीतच म्हणाले, पण आवाज चढवला नाही. “तुम्ही तिच्याच बाजूने बोलणार. मुलीला इंग्रजी येतं ना? तिलाच बोलू द्या. तिला शिकवू नका.”

माणूस वाईट नव्हता. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं. पण मी उचलली जीभ लावली टाळ्याला अशी बाई, आणि मला सांगितलं जात होतं की गप्प उभं राहा. मी गप्प उभी राहिले. ते किती कठीण असतं हे मला त्या दिवशी कळलं.

साहेबांनी मुलीकडे बघून विचारलं, “व्हाय डिड शी गो देअर?” का गेली होती ती तिकडे?

गार्ड उत्तर द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात मुलीने झडप घातली. गार्डाच्या आधी आपण बोललं पाहिजे एवढंच तिच्या डोक्यात असावं. सगळा दम एकवटून ती मोठ्याने म्हणाली:

“सर! माय मदर गो टू फॉरेस्ट फॉर फायर!”



तिला म्हणायचं होतं की माझी आई आगीपायी गेली. आग दिसली, म्हणून गेली. साहेबांचा ‘व्हाय’ तिने काऊन म्हणून ऐकला आणि काऊनचं उत्तर दिलं. पण क्रियापद गिळलं. आणि आमच्यातल्या कुणाच्याही मनात ‘आगीसाठी गेली’ म्हटल्यावर विझवणं येतं, पण खुर्चीवरच्या माणसापुढे माचिस होती. त्याने तिथे त्याच्या मनातलं क्रियापद बसवलं. पोरीने ध चा मा केला होता, तोही आईच्या बाबतीत, आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. ती बिचारी साहेबांकडे आशेने बघत होती.

साहेबांच्या चेहऱ्यावरचं होतं ते मार्दव गेलं. “फॉर फायर?” त्यांनी पुन्हा विचारलं.

“यस सर! फॉर फायर!” मुलगी जोरात मान हलवत म्हणाली.

गार्ड माझ्याकडे बघून म्हणाला, “आयका मॅडम. पोरगीच सांगून राह्यली.”

मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. मी “सर” एवढंच म्हटलं आणि साहेबांनी हात वर केला. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि समोर कागद ओढला. मुलीने तो कागद बघितला, मग माझा चेहरा बघितला, आणि तिच्या लक्षात आलं की आपलं काहीतरी चुकलं. काय चुकलं ते मात्र तिला कळेना. तिला मनातल्या मनात फळा दिसत असेल का, असं मला वाटत राहिलं. ‘ले’ आठव गं, मी मनात ओरडत होते. कायले, कायले! मावशी खालीच बघत होती. आपल्याबद्दल काय बोललं गेलं हे तिला ठाऊक नव्हतं, आणि कुणी तिला विचारतही नव्हतं.

साहेब लिहायच्या आधी थांबले. नियमाचा माणूस असावा, दोन्ही बाजू लिहायच्या म्हणून त्यांनी गार्डाकडे वळून तोच प्रश्न टाकला. “अँड यू? व्हाय डिड यू गो देअर?” आणि तू का गेला होतास?

आता साहेबापुढे एका पोरीने इंग्रजी झाडल्यावर गार्ड हिंदीत कसा बोलणार? त्याने खर्रा आणखी आत सारला, छाती काढली आणि म्हणाला:

“सर, आय अल्सो गो फॉर फायर, सर.”

जीपजवळ उभा असलेला ड्रायव्हर तोंड फिरवून खांदे हलवायला लागला. आणि मला हसू फुटलं. आनंदाचं नव्हे. इतका वेळ दाबून धरलेलं सगळं त्या हसण्यातून बाहेर पडलं, डोळ्यांतून पाणीसुद्धा आलं. मूलचा पोरगा तो, माझ्याच मातीतला. त्यालाही कुणीतरी शाळेत ‘साठी म्हणजे फॉर’ शिकवून सोडून दिलं होतं.

साहेबांच्या हातातलं पेन हवेतच राहिलं. ते गार्डाकडे बघत राहिले, मग मुलीकडे, मग पुन्हा गार्डाकडे. गार्डाचा चेहरा लाल झाला, कारण काहीतरी झालंय एवढं त्याला कळलं होतं. साहेब हळूच म्हणाले, “दोघंही आगीसाठी गेले होते तर.” मग ते खुर्चीत पुढे सरकले आणि मुलीला विचारलं, या वेळी सावकाश, एकेक शब्द सोडून:

“टू डू व्हॉट?” काय करायला?

हाच तो प्रश्न. कायले. साहेबांनी त्यांच्या भाषेत नेमका आमचा कायले विचारला होता. मी मुलीकडे बघितलं. तिला ‘टू’ ऐकू आला होता, हे तिच्या डोळ्यांत दिसलं. तिने आईकडे वळून गोंडीत काहीतरी विचारलं. मावशीने मान वर केली नाही. पण पहिल्यांदाच तिचं तोंड उघडलं. गार्डाला कळावं म्हणून असेल, ती झाडीत म्हणाली, अगदी हळू:

“इझवाले गेल्ती.”

“टू,” मुलगी म्हणाली. “शी गो टू... टू...”

आणि अडली. विझवणं. हा शब्द मी तिला शिकवला नव्हता. पुस्तकात बाजार होता, ग्रंथालय होतं, विमानतळसुद्धा होता. आग विझवणं नव्हतं. ‘ले’ हातात आला होता आणि त्याच्या आधीचं क्रियापद सापडत नव्हतं. शब्द माझ्या जिभेवर होता, दातांपर्यंत आला होता. साहेबांचं माझ्याकडे लक्ष होतं. मी ओठ घट्ट मिटले. मुलीने मुठी वळल्या, डोळे मिटले आणि तिच्या त्या सांडत्या इंग्रजीतून जो शब्द हाताला लागला तो उचलला.

“टू किल, सर! माय मदर गो टू किल द फायर!”

आगीला मारायला गेली होती.

“किल?” साहेब म्हणाले.

मुलीने इकडेतिकडे बघितलं, बांबूशेजारी पडलेली एक डहाळी उचलली आणि भुईवर झोडपायला लागली. धूळ उडाली. “लाइक धिस, सर! टू किल! टू किल!” ती रडत होती आणि झोडपत होती. गार्ड दोन पावलं मागे सरकला. आणि मग मावशीने, कुणी न सांगता, पदराखालचे हात बाहेर काढले आणि तळवे उघडून गुडघ्यांवर ठेवले. फोड आले होते, काही फुटले होते. ओली डहाळी घट्ट धरून तापलेल्या भुईवर मारत राहिलं की असे होतात. हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात, तो हा हात. इतका वेळ तिने ते लपवून का ठेवले होते, असं मी तिला नंतर विचारलं. ती म्हणाली, जळके हात दिसले तर हिनंच लावली म्हणतील, असं तिला वाटलं.

साहेब उठून तिच्यासमोर उकिडवे बसले आणि हात बघितले. पण माणूस पक्का. उठले आणि टेबलावरच्या माचिसकडे बोट केलं. “देन व्हाय धिस?”

मुलीने डोळे पुसले. या वेळी ती घाई करत नव्हती. आधी आईकडे बघितलं, थोडी घुटमळली, आणि मग एकदम स्वच्छ म्हणाली:

“टू स्मोक बिडी, सर.”

व्याकरण चोख. बिडी हा शब्द कानावर पडताच मावशीने झटकन मान वर केली. आपण बिडी ओढतो हे पोरीला माहीत नाही, अशी तिची पक्की समजूत होती. एवढ्या संकटातही तिने मुलीकडे असा डोळा वटारला की साहेबांना इंग्रजीची गरजच उरली नाही. ते हसले. त्या दिवशीचं त्यांचं पहिलं हसू.

तरीही ते जागा बघायला गेलेच, आणि मला त्यांचं तेवढं पटलं. आम्ही सगळे चढून गेलो. आग दुसऱ्याच एका झाडाखालून निघाली होती; ती कुणी लावली ते पुढेही कळलं नाही. काळी जमीन डोंगरउतारावर पसरत आली होती आणि एका जागी थांबली होती. तिथे मोडलेल्या, करपलेल्या डहाळ्या ओळीने पडल्या होत्या. आणि त्या ओळीच्या अलीकडे मावशीच्या झाडांखाली जुनी लुगडी तशीच अंथरलेली, त्यांवर सकाळची फुलं. साहेबांनी वाकून त्या लुगड्यांची शिवण बघितली. ज्या बाईने पाला जाळायला लागू नये म्हणून लुगडी शिवली, ती पाला जाळायला कशाला जाईल, हे त्यांना कुणी कोणत्याच भाषेत सांगावं लागलं नाही. गार्डाने मुकाट्याने माचिस मावशीला परत दिली. तिने ती कमरेला खोचली.

परत येताना मुलगी माझा हात धरून चालत होती. तिचा तळवा घामाने ओला होता. आणि मला आता सगळं संपल्यावर राग आला. “फॉर फायर म्हणे! तुला किती वेळा सांगितलं, क्रियापद गिळू नको! आईला तुरुंगात घातलं असतंस!” असं मी वाटेतच झाडायला सुरुवात केली. मुलगी हसतही होती, रडतही होती. मलाही तिला जवळ घ्यावंसं वाटत होतं, पण माझं प्रेम असंच बाहेर येतं.

मावशी पुढे चालली होती. ती थांबली आणि मागे वळली.

“मॅडम, त्या साहेबानं तुमाले पुसलं. पोरीले पुसलं. गार्डाले पुसलं.” तिने फोड आलेला हात छातीवर ठेवला. “आग मी इझवली. मले कोणी पुसलं?”

तिला मराठी येते, गोंडी येते, साहेबांना त्यातलं काहीच येत नाही; हे सगळं मला सांगता आलं असतं. पण तिने काऊन विचारलं नव्हतंच. मुलीने माझा हात आणखी घट्ट धरला. थोडं चालल्यावर मावशी पुन्हा म्हणाली, या वेळी मागे न बघता, “मले शिकवा. मी कायले जातो ते मले सांगता आलं पाह्यजे.”

हात बरे व्हायला वेळ लागला. तोवर मोह मुलगी आणि मी वेचत होतो, आणि संध्याकाळी चुलीपाशी मावशीचा वर्ग चालायचा. मुलगी शिकवायची आणि मी मध्ये बोलले की मलाच दटावायची. मावशीला लांब वाक्य नको होतं. ती म्हणाली, नेमकं तेवढंच द्या.

मग एके दिवशी उजाडता ती पुन्हा टोपली घेऊन निघाली. मी तिच्याबरोबर होते. नाक्यावर गार्ड खुर्चीत बसला होता. आम्हाला बघून त्याने नजर दुसरीकडे वळवली. त्या दिवसापासून तो आमच्याशी कमीच बोलायचा. मावशी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“पूस,” ती म्हणाली.

“काय पुसू, बाई?” तो गोंधळला.

“कायले जाऊन राह्यली म्हनून पूस मले.”

त्याने माझ्याकडे बघितलं. मी मावशीकडे बघितलं. त्याने गालातला खर्रा थुंकला, खुर्चीतून उठला आणि खाली मान घालून विचारलं, “कायले जाऊन राह्यली, बाई?”

“टू पिक,” मावशी म्हणाली.

मग तिने टोपली डोक्यावर सारखी केली आणि आडव्या बांबूच्या बाजूने मोहाच्या वाटेला लागली.